भागूच्या डोक्याचे चित्र

॥ श्री मुक्ताई ॥
नशिराबाद, गुरुवार, ता. २० जून १९९६

सौ. इंदिराबाई विहीणबाई, धुळे, यांस सुंदरबाईचा नमस्कार.

आपण एस.टी.च्या पार्सलने पाठविलेले गाठोडे काल माझ्या तोतारामने जळगाव स्टँडवरून सोडवून आणले. त्यात मिळाले ते असे : झबली दोन, दुपटे एक, चांदीचा वाळा एक (जोडीचा कोकिळाकडे असावा) आणि राईची उशी एक, शिवण उसवलेली. पार्सलचे अकरा रुपये आपण भरलेत, हमालाचे दोन आम्ही दिले. राई वाटेत सांडून झबल्यांच्या बाह्यांत शिरली होती. ती झटकली, पाखडली, मापली. अर्धा पाव कमी भरली. आपण फोडणीला घेतली असेल तर हरकत नाही, धुऊन वाळवलेली होती.

उशी का उसवलीत ते मी समजले. मी काटकसर करून राईऐवजी बाजरी भरली आणि म्हणून आपल्या भागूचे डोके लांबट झाले, असे आपण कोकिळाला म्हणालात. विहीणबाई, मी हात राखून खर्च करते हे खरे आहे. पण नातीच्या डोक्याखाली बाजरी घालीन इतकी नाही. आणि त्या महिन्यात बाजरीही काही स्वस्त नव्हती.

आता मुख्य गोष्ट. भागू पाच महिन्यांची होत आली. तिचे डोके रुंदीला वाढत नाही, मागेपुढेच वाढते, हे आपणही पाहिले. परवा कोकिळा आणि जावईबापू दीपनगरहून तिला घेऊन जळगावच्या मुलांच्या डॉक्टरांकडे गेले, मीही गेले होते. डॉक्टर म्हणाले की लहान मुलाचे डोके एका हाडाचे नसते, त्याच्या फाका असतात आणि मधे सांधे असतात. मेंदू वाढतो तसे सांधे उकलतात. भागूचा भांगाच्या रेषेवरचा सांधा आधीच मिटला असावा असा त्यांना संशय आहे. त्यासाठी मुंबईला नेऊन यंत्रावर डोक्याचे चित्र काढायचे, सांधा मिटलेला निघाला तर ऑपरेशन करून तो मोकळा करायचा. हे वर्षाच्या आत झाले तर चांगले, उशीर झाला तर हाड घट्ट होते. काही मुलांना आतून दाबही येतो.

मी जावईबापूंना विचारले, कधी निघायचे. ते म्हणाले, "आईला विचारून सांगतो." कोकिळाने भागूचे टोपरे नीट केले.

म्हणून आपल्याला लिहिते. आपण हो म्हटल्याशिवाय ते हलणार नाहीत. आपण हो म्हणावे.

सुंदरबाई

---

धुळे, २६ जून

सुंदरबाई विहीणबाईस इंदिराबाईचा नमस्कार.

पत्र मिळालं. राई मी फोडणीला घेतली नाही, आमच्याकडे आमची राई आहे. उशीचं राहू द्या, दोष हाताचा आहे. तेल लावायला तुम्ही ती तानुबाई ठेवली. तिचा हात मी बारशाला पाहिला. कणीक मळते तशी मळत होती. माझ्या हाताखालून घरची आणि गल्लीतली धरून किती लेकरं गेली, बठ्ठ्यांची, एकूण एकाची डोकी नारळासारखी गोल. तुमच्या जावयाचं, गिरधरचंच बघा. आणि भागूचं तुमच्याकडच्या भरताच्या वांग्यासारखं.

तरी मुलगी आहे. केस वाढले, वेणी आली, डोक्यावर पदर आला की कोणाला दिसतं. त्यासाठी लेकराचं डोकं कापायचं हे कोणत्या शहाण्यानं सांगितलं.

आणखी एक. ग्रहण झालं तेव्हा कोकिळाला सहावा-सातवा महिना होता. त्या दिवशी तिनं काय चिरलं, काय शिवलं हे तुम्ही नीट विचारून घ्या. आमच्याकडे हे सगळं पाळतात.

इंदिराबाई

---

नशिराबाद, १ जुलै १९९६

सौ. इंदिराबाई विहीणबाईंस नमस्कार.

आपले कार्ड मिळाले. आधी एक विनंती. आपण कार्डावर लिहू नये, आंतरदेशीय पत्र घ्यावे. आमचे पोस्टमन पुना हे सज्जन आहेत, पण कार्ड आले की फाटकातूनच वाचत येतात. वांग्याचे वाक्य त्यांनी आमच्या शेजारणीसमोर वाचले. तानुबाई विहिरीवर होती, तिच्या कानावर कणकेचे गेले आणि ती दोन दिवस आमच्या दारावरून जाताना बांगड्या वाजवत गेली. तिने याच हाताने माझ्या तोतारामला तेल लावले आहे. त्याचे डोके आपण लग्नात पाहिलेत, फेट्याला कुठे अडचण आली नाही.

ग्रहणाचे आपण विचारलेत. कोकिळाला विचारण्याची गरज पडली नाही. ग्रहण ऐन दिवाळीत होते आणि पहिल्या दिवाळसणाला जावईबापू आमच्याकडे यायचे होते ते आपण येऊ दिले नव्हते. "सूनबाई जड अंगाची, प्रवास नको," असे आपणच कळवले होते. म्हणजे ग्रहणाच्या दिवशी कोकिळा आपल्याच घरी होती. आपल्याकडे सगळे पाळतात, तेव्हा पाळलेच असेल.

सध्या धोंड्याचा महिना चालू आहे. जावयाचे वाण म्हणून तेहतीस अनारसे मोजून डब्यात घातले, ते तोताराम दीपनगरला पोचवील. जावईबापू रविवारी आपल्याकडे येतील तेव्हा आपल्यालाही मिळतील. डबा स्टीलचा आहे, परत यावा.

कापण्याचे आपण म्हणता. कापायचे आज कोणीच म्हणत नाही. आज फक्त चित्र काढायचे आहे. चित्रात सांधा उघडा निघाला तर मी मुक्ताईला नारळ फोडीन आणि आपली माफी मागीन. मिटलेला निघाला तर पुढचे पुढे. चित्रापुरते तरी हो म्हणा. मुंबईच्या डॉक्टरांची वेळ तेवीस जुलैची मिळते आहे, ती गेली तर पुढची श्रावण उलटल्यावर.

सुंदरबाई

---

धुळे, ७ जुलै

विहीणबाईस नमस्कार.

अनारसे मिळाले. एकतीस होते. दोन तुटलेले होते ते मी मोजले नाहीत.

ग्रहणाचा विषय मी तुम्हाला म्हणून काढला नव्हता, सहज लिहिलं होतं. तो आता सोडा.

आमच्या सासूबाई भागाबाई, ज्यांचं नाव पोरीला ठेवलं, त्या पंचाऐंशीच्या आहेत. त्या म्हणतात, आमच्या घरात लेकरू वर्षाचं होईपर्यंत फोटो काढत नाहीत. फोटोला दृष्ट लवकर लागते. मी त्यांना सांगितलं की हा वरचा फोटो नाही, आतला आहे. त्या म्हणे, "आतलाले तं आजून लवकर लागी." म्हणून सांगते, चित्र काढलं की ते उघडं ठेवू नका, कोणाकोणाला दाखवत बसू नका.

चित्राला हो. कापण्याला नाही. हे गिरधरलाही सांगितलं आहे.

कार्डच पाठवते आहे, आंतरदेशीय संपली होती. तुमच्या पोस्टमनला नमस्कार.

इंदिराबाई

---

॥ श्री मुक्ताई ॥
नशिराबाद, ३० जुलै १९९६

सौ. इंदिराबाई विहीणबाईंस नमस्कार.

शनिवारी मुंबईहून सुखरूप आलो. जावईबापू आपल्याला थोडक्यात सांगतील, म्हणून मी सविस्तर लिहिते.

मुंबईत माझे मामेभाऊ वना माटुंग्याला रेल्वेच्या कारखान्यात आहेत, त्यांच्या खोलीवर उतरलो. इस्पितळात सांगितले की बाळ यंत्रात अजिबात हलता कामा नये. म्हणून आधी उपाशी ठेवायचे, झोपू द्यायचे नाही, मग गोड औषध पाजायचे म्हणजे गाढ झोपेल. भागूला जागे ठेवण्याचे काम तोतारामकडे दिले. त्याने टाळ्या वाजवल्या, शेळीचा आवाज काढला, कोंबड्याचा काढला. रांगेतली बाकीची लेकरेही जागी झाली आणि त्यांच्या आया आमच्यावर रागावल्या. औषध पाजल्यावर भागू टक्क जागी राहिली आणि तोताराम बाकावर बसल्या बसल्या झोपला. अखेर कोकिळाने तिला खांद्यावर घेऊन "विठ्ठल विठ्ठल" म्हटले तेव्हा ती झोपली.

यंत्र म्हणजे जात्याची मोठी पाळू, वरचा दगड, उभी करून ठेवावी तसे आहे, मधे भोक. त्या भोकात बाळाला फळीवरून अलगद सरकवतात. आत कोणाला थांबू देत नाहीत. मी काचेतून पाहत होते आणि हरिपाठ म्हणत होते. यंत्र डोक्याचे चकत्या-चकत्यांनी फोटो घेते, जशी आपण काकडी चकत्या करून चिरतो, फक्त इथे काहीच चिरत नाहीत. मग संगणक त्या चकत्या एकीवर एक रचून पुन्हा अख्खे डोके तयार करतो. ते समोरून, बाजूने, मागून, वरून, कसेही फिरवून पाहता येते. चार बाजूंची चार चित्रे एका मोठ्या काळ्या फिल्मवर उमटवून देतात.

मोठ्या डॉक्टरांनी ती दिव्याच्या पेटीवर लावून आम्हाला समजावले. बाकीचे सांधे नागमोडी रेघेसारखे स्पष्ट दिसतात. भांगाच्या जागी रेघच नाही, सपाट हाड. मी विचारले, डॉक्टर, हे तेल लावणारीच्या हाताने होते का. ते म्हणाले, "आजी, हे पोटातच झालेलं आहे. हाताने होत नाही, उशीने होत नाही." मी म्हटले, ग्रहणाने? ते म्हणाले, "ग्रहणानेही नाही. कोणाचाच दोष नाही." मी त्यांना एवढे कागदावर लिहून मागितले. ते म्हणाले, कशाला. मी म्हटले, धुळ्याला पाठवायचे आहे. ते हसले आणि म्हणाले, फिल्मच दाखवा.

ऑपरेशनची तारीख त्यांनी दिली आहे, मंगळवार दहा सप्टेंबर. आधी आठ दिवस ते याच फिल्मवर पेन्सिलने आखणी करतील. कुठून हाड सोडवायचे, किती रुंद पट्टी काढायची, शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी खडूने बेततो तसे. ऐनवेळी डोके उघडून विचार करत बसावे लागत नाही. वेळ कमी लागतो आणि रक्त कमी जाते. म्हणून फिल्म परत नेणे फार गरजेचे आहे. तिला घडी घालू नये.

भागाबाईंनी सांगितलेले मी विसरले नाही. फिल्म तीन दिवस आमच्या घरी होती, शालीत गुंडाळून देवघरात ठेवली. दृष्टीच्या बाबतीत जी काळजी घ्यायची ती मी घेतली आहे.

आता ती जावईबापूंसोबत आपल्याकडे पाठवते. पाहा आणि हो म्हणा. माझे काही चुकले असेल तर मला बोला, पण पोरीची तारीख चुकवू नका.

सुंदरबाई

---

धुळे, ९ ऑगस्ट

सुंदरबाई विहीणबाईस इंदिराबाईचा नमस्कार.

हे आंतरदेशीय आहे, बघून घ्या.

गिरधरनं फिल्म आणली. तुम्ही चित्र-चित्र लिहिलं, म्हणून मी समजले की भागू दिसेल. काढून पाहते तर कवटी. डोळ्यांच्या जागी खोबण्या. मी ती तशीच पलंगावर ठेवली आणि पाय धुऊन आले. सासूबाईंना दाखवायची नव्हती, पण त्यांनी पाहिलीच. म्हणे, "हाई कोनी कवटी शे?" मी म्हटलं, भागूची. त्यांनी फिल्म डोळ्यांजवळ नेली. मग म्हणे, "दात कसा नहीत?" मी म्हटलं, आई, अजून आले नाहीत. त्यावर त्यांचं समाधान झालं.

संध्याकाळी गिरधरनं ती खिडकीच्या उजेडात धरली आणि बोटानं दाखवलं. विहीणबाई, मी जन्मभर गोधड्या शिवल्या. ते सांधे पाहिले आणि मला कळलं. गोधडीची एक शिवण ओढली जाऊन आवळली की तिथं कापडाला पसरायला जागा राहत नाही, ते दुसरीकडे फुगतं आणि गोधडी वाकडी होते. वरून कितीही हात फिरवा, इस्त्री फिरवा, सरळ होत नाही. टाका उसवावाच लागतो. हे मला कोणी आधी असं सांगितलं असतं तर मी कशाला इतकी पत्रं लिहिली असती. तुम्ही काकडी आणि जातं सांगत बसलात.

तानुबाईच्या हाताबद्दल मी बोलले ते मागं घेते. तरी तिचा हात मला आवडला नव्हता, पण ते वेगळं.

फिल्म शनिवारपर्यंत आमच्याकडे होती. गल्लीतल्या बायकांना दाखवली नाही, फक्त शेजारच्या दोघींना दाखवली आणि त्या खूप हळहळल्या. त्यानंतर मला राहवेना. मी माझ्या परीने जे करायचं ते केलं.

ऑपरेशनला माझं हो आहे. दहा सप्टेंबरला मी उपास धरीन. मला स्वतःला यायला जमत नाही, सासूबाईंना सोडून कुठं जाणार. तुम्ही आहात.

इंदिराबाई

---

॥ श्री मुक्ताई ॥
माटुंगा, मुंबई, ५ सप्टेंबर १९९६

सौ. इंदिराबाई विहीणबाईंस नमस्कार.

पत्र वाचून घाबरू नये. बाळ खुशाल आहे.

मंगळवारी आम्ही मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. रक्ताचे रिपोर्ट चांगले निघाले. त्यांनी फिल्म पेटीवर लावली, पेन्सिल हातात घेतली आणि थांबले. जवळ जाऊन पाहिले. मग चष्मा बदलून पाहिले. मग शेजारच्या खोलीतून आणखी दोन डॉक्टर बोलावले. तिघे इंग्रजीत बोलत होते. समोरच्या चित्रात कपाळाच्या डाव्या बाजूला हाडात एक गोल काळे भोक दिसत होते. बाजूच्या चित्रात कानाच्या मागे दुसरे.  कोकिळाने जावईबापूंची बाही घट्ट धरली.

एक डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवशी हे दिसले नव्हते. दुसरे म्हणाले, कपाळातले भोक समोरून दिसते तर बाजूच्या चित्रात का दिसत नाही, आणि कानामागचे मागच्या चित्रात का नाही. मग मोठ्या डॉक्टरांनी यंत्रवाल्यांना फोन लावला आणि त्यांना बरेच सुनावले की यंत्र बिघडलेले असताना लेकरांची चित्रे काढताच कशी.

विहीणबाई, त्या बिचाऱ्या यंत्रवाल्यांना बोलणी बसत होती आणि मी कोपऱ्यात उभी होते. मला वाटले होते की इतक्या चित्रांच्या गर्दीत एक बारीक ठिपका कोण पाहतो. शेवटी मी पुढे झाले आणि म्हटले, डॉक्टर, फोन ठेवा. कपाळावरची माझी आहे.

"तुमची काय?"

"तीट."

त्यांना कळेना. जावईबापूंनी मान खाली घालून समजावले की आमच्याकडे बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काजळाचा ठिपका लावतात, तो सासूबाईंनी फिल्मवर लावला आहे. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि कानामागची?"

मी म्हटले, "त्याबद्दल मला धुळ्याला पत्र लिहावे लागेल."

तिघे डॉक्टर इतके हसले की बाहेरची सिस्टर आत डोकावली. पण हसून भागले नाही. मोठ्यांनी कापसाने पुसायला घेतले तर काजळ पसरले आणि दोन बोटे जागा काळी झाली. माझे काजळ गाईच्या तुपावर धरलेले असते, ते सहज जात नाही. दुसरे कशावर धरलेले होते कोण जाणे, ते तर जास्तच पसरले. तुपावर त्यांची पेन्सिलही उमटेना. नेमक्या आखायच्या जागीच डाग. म्हणून नवी फिल्म काढायची ठरली. बाळाला पुन्हा यंत्रात घालायचे नाही, चित्र संगणकात जपलेले आहे, फक्त पुन्हा उमटवायचे. पण ते उमटवणारे यंत्र दुरुस्तीला गेले आहे आणि ते यायला आठवडा लागेल. आखणी झाल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत. त्यामुळे दहा तारीख गेली.

पुढची तारीख एक ऑक्टोबर, मंगळवार. ती पितृपक्षात येते. मी अडचण सांगितली. डॉक्टर म्हणाले, त्यानंतरची थेट डिसेंबरात आहे, आणि तोवर भागू दहा महिन्यांची होईल. तोवर थांबू नये असे त्यांचे मत आहे.

कोकिळा म्हणते, "आई, तुझ्या तिटेने गेलेली तारीख तूच परत आण." जावईबापू म्हणतात, पितृपक्षाचे आईला विचारल्याशिवाय सही करणार नाही. पुन्हा सगळे आपल्यावर आले आहे. पक्ष आपल्याकडे कडक पाळतात हे मला माहीत आहे. मी आमच्या गुरवांना विचारले असते तर ते नकोच म्हणाले असते, म्हणून मी विचारले नाही. आपल्यालाच विचारते.

सुंदरबाई

---

धुळे, १२ सप्टेंबर

सुंदरबाई विहीणबाईस नमस्कार.

दुसरी तीट माझीच हे तुम्ही कशावरून धरलं? नेमकी कुठं होती ते पुन्हा लिहा. कानामागे, केसांच्या कडेला असेल तर माझी. एरंडेलावरचं काजळ होतं. मी मुद्दाम अशी जागा निवडली की कोणाला दिसू नये. तुम्ही सरळ कपाळावर लावलीत.

आणि मला आधी कळवायला नको का, की तुम्ही लावली आहे. मी लावली नसती. एकच पुरे होती.

पितृपक्षाचं मी पाहिलं. आमच्या सासूबाईंना विचारलं तर त्या नको म्हणे. भटजी नको म्हणे. मग मी विचार केला, की या दिवसांत पितर घराकडे येतात म्हणून शुभकार्य करत नाहीत. पण ऑपरेशन काही लग्न नाही, वाजंत्री लावायची नाही. आणि भागू काय त्यांची कोणी नाही? पितर आमचे आहेत, त्यांच्याकडे मी बघते. तिच्या पणजोबांच्या, माझ्या सासऱ्यांच्या पानावर बासुंदी वाढीन आणि सांगीन. ते हयातीत मला कधी नाही म्हणाले नाहीत, आता काय म्हणतील. एक तारखेला माझं हो आहे. गिरधरला वेगळं कार्ड टाकलं, त्यानं सही करावी.

पण एक अडचण मोठी आहे. शेजारची म्हणते की डोक्याचं ऑपरेशन म्हणजे आधी बठ्ठे केस काढतात. विहीणबाई, ते जावळ आहे. आमच्या घरचं जावळ एकवीरामायच्या पायाशी, मामाच्या मांडीवर बसवून, चांगला दिवस बघून काढतात. ते पितृपक्षात दवाखान्याच्या न्हाव्यानं काढायचं आणि केरात टाकायचं हे मी पितरांनाही सांगू शकणार नाही. त्यांना बासुंदीनंही पटणार नाही. यावर काय करता येईल ते तुम्ही तिथं आहात, तुम्ही बघा. मी डॉक्टरांच्या कामात मोडता घालत नाही. तुम्हाला जमलं तर बघा.

इंदिराबाई

---

॥ श्री मुक्ताई ॥
माटुंगा, मुंबई, ४ ऑक्टोबर १९९६

सौ. इंदिराबाई विहीणबाईंस सुंदरबाईचा नमस्कार.

ऑपरेशन झाले, चांगले झाले, हे तारेने कळलेच असेल. आता सविस्तर.

सोमवारी दुपारी इस्पितळाचा न्हावी वस्तरा, साबण घेऊन आला. गिरगावात वाढलेला, पण बोलण्यावरून वाईकडचा वाटला. त्याने भागूला धरायला हात पुढे केला. मी म्हटले, दादा, थांबा, बाळाचा मामा येऊ द्या. तो म्हणाला, "मावशी, मला अजून चार डोकी करायची आहेत." तोताराम केळी आणायला गेला होता. मी न्हाव्याला चहा दिला, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली. त्याला तीन मुली आहेत, थोरलीचे यंदा लग्न आहे. तो थांबला.

तेवढ्यात सिस्टर आल्या आणि त्याच्यावर ओरडल्या, मग माझ्यावर. मग त्यांनी मोठ्या डॉक्टरांनाच बोलावून आणले. म्हणाल्या, ही तीटवाली आजी केस काढू देत नाही. मी त्यांना म्हटले, डॉक्टर, आपल्या कामात मी एकदा घोळ केला आहे, पुन्हा करायचा नाही. पण धुळ्याच्या विहीणबाईंनी पितृपक्षात, भटजींचे न ऐकता, या ऑपरेशनला हो म्हटले आहे. त्यांचे जावळ तेवढे राहील का.

डॉक्टरांनी नवी फिल्म मागवली. तिच्यावर त्यांनी निळ्या पेन्सिलने सगळे आखले होते. एक रेघ या कानापासून त्या कानापर्यंत, नागमोडी, म्हणजे पुढे व्रण केसांत लपतो. तिथून मागे दोन पट्ट्या. त्यांनी पट्टी लावून मोजले आणि न्हाव्याला म्हणाले, "मला या रेघेच्या दोन्ही बाजूला तीन बोटे आणि मागचा भाग मोकळा पाहिजे. कपाळावरचे राहू दे." न्हावी म्हणाला, साहेब, आम्ही तर रोज सगळेच काढतो. डॉक्टर म्हणाले, चित्र हातात असताना सगळे कशाला.

मग तोताराम आला. भागूला त्याच्या मांडीवर दिली, पूर्वेकडे तोंड केले. जेवढे केस काढले तेवढे मी पदरात झेलून घेतले, भुईला एकही पडू दिला नाही. न्हाव्याला सव्वा रुपया आणि नारळ दिला. तो म्हणाला, इतकी वर्षे इथे आहे, नारळ पहिल्यांदा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेले. आत नेताना कोकिळा चालली ती दारापर्यंत, मग दार बंद झाले तरी हात तसाच पुढे धरून उभी होती. मी माळ घेऊन बसले, पण किती फेरे झाले ते मला सांगता येणार नाही. जावईबापू भिंतीला टेकून उभे होते. मधेच म्हणाले, "आईने आता पान वाढलं असेल." एवढेच बोलले. विहीणबाई, मी आपल्याला इतक्या पत्रांत काहीबाही लिहिले, पण त्या वेळी मला आपली फार आठवण झाली. आपण शेजारी असतात तर भांडण तरी झाले असते, वेळ गेला असता.

डॉक्टर बाहेर आले ते हसत आले. म्हणाले, आखले होते तसेच्या तसे झाले, ठरल्यापेक्षा लवकर झाले, रक्तही फार द्यावे लागले नाही. आत पाहिले तर हाड चित्रात होते तसेच निघाले. भागू संध्याकाळी डोळे उघडून रडली. डोळ्यांना सूज आहे, ती उतरते आहे. काल तिने तोतारामकडे पाहिले, त्याने शेळीचा आवाज काढला आणि ती हसली. डोक्याला पांढरा फेटा बांधल्यासारखे बँडेज आहे आणि कपाळावर त्यातून काळ्या केसांची शेंडी बाहेर आली आहे. सिस्टर येता-जाता ती हाताने सारखी करतात, त्याच सिस्टर.

आकार लगेच दिसत नाही. आता हाडे मोकळी झाली, मेंदू वाढेल तसे डोके रुंदीला भरत जाईल. महिन्याने दाखवायला यायचे आहे. तोवर डोक्याला कोणीही तेल लावायचे नाही. तानुबाईने नाही आणि आपणही नाही. डॉक्टरांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतले.

तर जावळाचे असे आहे. मागचे निघाले ते औषधाच्या गरजेने निघाले, त्याला जावळ म्हणू नये. मी ते पुडीत बांधून ठेवले आहेत, वाहायचे असतील तर त्यातच घालता येतील. खरे जावळ कपाळावर शाबूत आहे आणि ते आपले आहे. आम्ही चौदा तारखेला भुसावळला उतरू, तेव्हा पक्ष संपलेला असेल. एकवीरामायच्या पायाशी दिवाळीच्या आधी नेता येईल की नंतर, ते आपण भागाबाईंना विचारून ठरवा. आम्ही सगळे येऊ. तोताराम डाळमिलमध्ये कामाला आहे, मामाच्या रजेसाठी आठ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. तरी दिवस नक्की करून उलट टपाली कळवावा. कार्ड टाकले तरी चालेल, पुनांनाही वाचू द्या.

सुंदरबाई